रय्याखालाचा आंबा आणि खारं पाणी

आमच्या सहम गावच्या किनाऱ्यावर विहिरी खारट व्हायला लागल्या, तेव्हा बहुतेकांनी बागा सोडून दिल्या. रय्याखालानं सोडली नाही, पण त्यात हट्टापेक्षा उत्सुकता जास्त होती. तीस वर्षं ती मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. निवृत्त झाली, तरी कुठलीही गोष्ट दिसली की आधी उलटीपालटी करून बघायची. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत, म्हणून तिचे सगळे उद्योग मला दिसायचे.

तिच्या वडिलांनी लावलेला आंबा त्या उन्हाळ्यात आजारी पडला. पानांची टोकं इस्त्री लागल्यासारखी करपली. तिचा नवरा मुसब्बह, म्हातारा कोळी, सावलीत बसून म्हणाला, "उन्हानं होतंय ते, नासरच्या आई. तू दुपारी बाहेर उभी राहा, तुझीपण टोकं करपतील."

"मग जुनीच पानं का करपली? कोवळी बरी आहेत. ऊन काय वय विचारून पडतं?"

तिनं दोन बश्या भिंतीवर ठेवल्या, एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत खोलीच्या एसीच्या नळीतून ठिबकणारं. दुपारपर्यंत दोन्ही सुकल्या. पहिलीत पांढरी खपली धरली होती, दुसरी घासून ठेवल्यासारखी लख्ख.

"गालिया, जीभ लाव बघू," ती मला म्हणाली. मी लावली आणि तोंड वाकडं केलं. ती खूश झाली. "हे आपण रोज त्या झाडाला पाजतोय!"

उन्हाळ्यात आमच्याकडे हवा इतकी दमट असते, की एका एसीखाली दिवसभरात बादली भरून वाहते. तिनं घरातल्या तिन्ही नळ्या एकत्र जोडल्या आणि मुसब्बहचे निळे ड्रम मागून घेतले.

"यात मासे खारवायचास ना तू?"

"दहा वर्षं झाली त्याला!"

"मीठ काय तारीख बघून जातं?" तिनं ड्रम तीनदा धुतले, त्यातलं पाणी बशीत सुकवून पाहिलं, मगच भरायला लावले. पुढं इमामांना विचारून मशिदीच्या एसींचं पाणीही आणलं. मुसब्बह कपाळाला हात लावून म्हणाला, "मुसब्बहची बायको गळक्या नळ्यांमागं फिरते, असं बाजारात बोलतात."

"बोलू दे. त्यांच्या घरी किती एसी आहेत, तेवढं विचारून ये."

ड्रम पुरेनात, तेव्हा तिनं एक जुनी मोठी टाकी मिळवली. झाडाला रोज सकाळी बुंध्याशी एक झारी गोडं पाणी मिळू लागलं. दोन महिन्यांत तांबूस कोवळी पालवी फुटली आणि नीट हिरवी झाली. खाला भेटेल त्याला ओढून नेऊन दाखवायची.

मग जानेवारीत पाऊस आला. अर्धा तास भुरभुर, जमीन जेमतेम ओली होईल इतका. आम्ही सगळे दारात येऊन उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी आंब्याची पानं माना टाकून लोंबत होती. आठवड्यात तिसरा हिस्सा गळाला. पावसाच्या पाण्यानं झाड मरायला टेकतं, हे कुणी ऐकलं होतं? खाला गळलेली पानं गोळा करत बसली. मग उठली आणि चमचा घेऊन आली.

बुंध्याशी, एका हातावर, दोन हातांवर, अशी ठिकठिकाणची माती तिनं काढली, गोड्या पाण्यात ढवळली, फडक्यानं गाळली आणि बश्यांत सुकवली. बुंध्याजवळच्या मातीत जवळजवळ काहीच निघालं नाही. ओल जिथं संपत होती, तिथल्या मातीची मात्र जाड खपली बसली.

"हे मीच केलंय, पोरी," ती हळूच म्हणाली. "रोज थोडंथोडं पाणी घालून मीठ नुसतं कडेला सारलं. घर झाडून कचरा उंबऱ्यावर ठेवावा, तसं. पाऊस आला आणि सगळं पुन्हा मुळांवर लोटलं."

त्याच दुपारी तिनं फांद्यांच्या टोकांच्याही पलीकडे मोठं आळं आखलं. टाकीची तोटी पूर्ण सोडणार, हे ऐकून मुसब्बह ओरडला, "पाच महिन्यांचं पाणी एका दिवसात?"

"थेंबाथेंबानं मीठ हलत नाही. खाली, मुळांच्याही खाली ढकलायचंय ते."

मग मुसब्बहनंच फावडं उचलून आळ्याची कड बांधली.

त्यानंतर दहाबारा दिवसांतून एकदाच, पण भरपूर पाणी. आणि आभाळ भुरभुरलं की खाला नळी घेऊन आळ्याकडे धावायची. रस्त्यावरून लोक हसायचे.

"पाऊस पडतोय, खाला! नळी बंद कर!"

"पडतोय म्हणूनच चालू केलीय!"

पहिल्या वर्षी झाडाला मोहर आला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात अकरा आंबे लागले. त्यातला एक तिनं भिंतीवरून माझ्या हातात दिला. साल जाड होती, कोयीशी थोडा आंबट, पण वास घरभर पसरला. बागेतली केळीची झाडं मात्र काही जगली नाहीत. त्यांना फार पाणी लागतं, तेवढं गोडं पाणी कुठल्याच नळीतून मिळेना. खालानं ती उपटली, तिथं खारं पाणी सोसणारी खजुराची दोन रोपं लावली, आणि मुसब्बहला म्हणाली, "यांना तू विहिरीचं पाणी घाल. यांच्यात मी लक्ष घालणार नाही."

पण लक्ष घालतेच.