वारो वर जाता

हल्ली आमच्या हॉलमधला पंखा लावला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं पान फडफडायला लागतं. किती साधा आवाज! पण तो कानावर आला की मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतो आणि माझी मान आपोआप वर जाते. वाऱ्याबरोबर खिडकीशी असलेल्या खाटेवरच्या उशीचा, खोबरेल तेलाचा मंद वास खोलीभर पसरतो. हा वास आत्याचा. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडील असताना मालवणकडच्या गावाहून मुलुंडला आमच्याकडे आली आणि मग इथलीच झाली. तिचं स्वतःचं असं दुसरं कोणी नाही. ज्याच्या घरात राहायचं त्याच्याकडे काही मागायचं नाही, हा तिचा स्वभाव म्हणा की शहाणपण म्हणा, तिने फार निगुतीने जपला. अशा माणसाने कधी नव्हे ती एक तक्रार केली, तर निदान ती नीट ऐकून तरी घ्यावी.

उन्हाळ्याच्या तोंडावर हा पंखा बिघडला. बटण दाबलं की नुसता गुणगुणायचा, पाती जागची हलायची नाहीत. एकदा ढकलला की मात्र रेंगाळत का होईना, फिरायचा. यावर आमच्या घरात जो तोडगा निघाला तो या शहरातल्या निम्म्या घरांत निघाला असता. छताजवळच्या दांडीवर कपडे वाळत घालायची काठी घ्यायची आणि पात्याला एक ढोसणी द्यायची. मग दुरुस्ती 'बघू रविवारी'वर गेली, आणि आमचे रविवार कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही दोघं नवराबायको आत एसीत झोपणार, आम्हाला कसली घाई? मी दाराच्या बाजूला उभा राहून आत्याला एकदा करून दाखवलं. "हे बघ, पातं स्वयंपाकघराकडे ढकलायचं. झालं काम." तिने मान डोलावली. सांगितलेलं तंतोतंत करण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

काही दिवसांनी ती म्हणाली, "माका वारो लागना नाय रे. वारो वर जाता."

मला हसूच फुटलं. पंखा डोळ्यांसमोर फिरत होता. मी ढकलला की खाली वारा येत होता, थोडा का होईना. वारा वर जातो म्हणे! ते वाक्य मग आमच्या घरातली गंमत होऊन बसलं. कोणी घाम पुसला की मी म्हणायचो, "वारो वर जाता." पाहुणे आले की हात छताकडे करून, तिच्यासारखा हेल काढून मी ते म्हणून दाखवायचो. शेजारच्या वहिनी तर हसून हसून खुर्चीत आडव्या व्हायच्या. आत्याही हसायची, तोंडाला पदर लावून. पण पुन्हा पुन्हा तेच म्हणायला लागली तेव्हा बायकोला काळजी वाटली. मी घाटकोपरच्या चुलतबहिणीला फोन केला. आत्याचं जरा भ्रमिष्टासारखं चाललंय, तुझ्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवतेस का, म्हणून विचारलं. आत्या पलीकडे तांदूळ निवडत होती. मी आवाज खाली आणण्याचीही तसदी घेतली नाही.

बहीण तिला आठ दिवसांसाठी घेऊन गेली. निघताना आत्याने पिशवीत आपली सगळी लुगडी भरली. ते मी पाहिलं. आठ दिवसांसाठी कोणी सगळी लुगडी नेत नाही, एवढं मला कळत होतं. तरी मी ती पिशवी उचलून खाली नेऊन ठेवली.

पुढे एका दुपारी एसीची साफसफाई चालली होती, म्हणून मी हॉलमध्ये तिच्या खाटेवर आडवा झालो. या खाटेवर मी त्याआधी कधी पाठ टेकली नव्हती. पंखा लावला, उठलो, तिथूनच काठीने पातं स्वयंपाकघराकडे ढकललं आणि पुन्हा पडलो. पंखा फिरत होता, पण अंगावर झुळूक नाही. चादरीचं टोकही हलेना. मग वर नजर गेली. छताच्या कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं मात्र चांगलं थरथरत होतं.

मी ताडकन उठून बसलो. ती खिडकीच्या बाजूने ढकलत होती, मी दाराच्या बाजूने. पंख्याच्या दोन बाजूंना उभं राहून पातं एकाच दिशेला ढकललं तर पंखा एकाच्या हाताने सुलटा आणि दुसऱ्याच्या हाताने उलटा फिरणार. आणि तो बिचारा, ढकलाल तिकडे फिरत होता. तिने माझा शब्द पाळला होता, आणि वारा खरोखरच वर जात होता. त्या रणरणत्या दिवसांत छताला वारा घालणाऱ्या पंख्याखाली ती उकडत पडली होती आणि आम्ही तिच्या डोक्यावर औषध शोधत होतो. मला माझीच किळस आली.

मेन स्विच बंद करून मी स्टुलावर चढलो. पाती हाताने अलगद फिरत होती, म्हणजे अडकत काही नव्हतं. दांड्यावरची वाटीसारखी टोपी सोडवली तर आत पंख्याला सुरुवातीचा रेटा देणारा बोटाएवढा कपॅसिटर फुगून बसलेला. तो खालच्या दुकानात दाखवून तसाच नवा आणला, जुन्याच्या वायरी होत्या तशा नव्याला जोडल्या, टेप गुंडाळली. बटण दाबलं आणि पंखा असा सुटला की दिनदर्शिकेचं पान फडफडलं. कितीतरी दिवसांनी. चहा थंड व्हायला लागतो तेवढ्या वेळात सगळं आटोपलं, आणि मला रडू आलं.

आत्याला फोन केला. पंखा उलटा फिरत होता, आता नीट झालाय, म्हणालो.

"म्हंजे वारो वरच जाय होतो?"

"हो आत्या. वरच जात होता."

मग ती म्हणाली, "बरा झाला रे. माका वाटला, माझ्याच डोक्यात काय तरी झाला."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन तिला घेऊन आलो. वाटेत माफी मागायचं ठरवलं होतं. टॅक्सीत ती रस्त्यावरच्या दुकानांविषयी बोलत राहिली आणि मी हो हो करत राहिलो. ती परत आली ते ऐकून संध्याकाळी शेजारच्या वहिनी डोकावल्या. "काय आत्या, वारो वर जाता काय अजून?"

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की वहिनी, खरंच वर जात होता, ती बरोबर होती, चूक माझी होती. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याआधी पदर तोंडाला लावून हसली. "नाय गो. आता खाली येता. म्हातारपण ता, दुसरा काय!"

वहिनी हसल्या. तिने मला सांभाळून घेतलं होतं, आणि मी तिला तसं करू दिलं. वर पंखा छान वेगात फिरत होता. जरा वेळाने आत्या खाटेवर अंग चोरून बसली आणि म्हणाली, "कमी कर रे थोडो. सवय नाय रवली."