नाशपातीला घातलेल्या शिव्या

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते नाशपातीच्या रोपांना पाणी घालायचं. रोपं नुसती काठीसारखी उंच, एक फांदी नाय. ती रोज शिव्या घालायची, "मेल्यांनो, हातपाय पसरा की!" त्याच आठवड्यात ती गेली.

मी रोपं उपटायला निघालो होतो. शेतीच्या औषधांच्या दुकानात तसं बोललो. बायकोच्या शिव्यांनाही ती बधली नाहीत म्हणालो, तर शेजारी उभा असलेला टोपीवाला खोखो हसला. द्राक्षवेलीच्या डोळ्यांना फुटव्याची पेस्ट लावणारा गडी. ओळख ना पाळख, औषधाची बाटली घेऊन शेतावर यायला माझ्या फटफटीवर बसलासुद्धा.

फांदी जिथून फुटते त्या एकेका डोळ्याला ब्रशानं औषध लावत तो शीळ घालत होता. "शेंडा एकटाच वर पळतो बाबा. बाकीच्यांना उठवावं लागतं." शेवटचं झाड मात्र त्यानं सोडलं. "ह्याला घरच्या बाईनं औषध लावायचं. आपली रीत हाय."

"बाई नाय राहिली."

टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं. "मग तुम्ही लावा. पण शिव्या बाईंच्याच घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश घेऊन त्या झाडापाशी बसलो. रस्त्यानं जाणारे बघत होते. बघू दे. मी ओरडलो, "मेल्या, हातपाय पसर की!"