किडेमास्तरांचा कॅमेरा

शेतीच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं किड्यांची चित्रं काढत होते. भुंग्याच्या पायावरचे केससुद्धा मोजून काढायचे, म्हणून सगळे त्यांना किडेमास्तर म्हणत. बायकोला मात्र किड्यांची शिसारी. "लग्न माझ्याशी केलंत आणि नांदताय झुरळांशी," असं ती म्हणायची.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी बशीत कप वाजायचा, पुढे ब्रश रेघ सोडून जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. साहेबांनी सांभाळून घेतलं, डब्यांवर लेबलं चिकटवायचं काम दिलं. तीही वाकडी बसायला लागली तेव्हा मास्तरांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि घरात भिंतीकडे बघत बसू लागले.

"कॅमेरा घेऊ या," शेवटी बायकोच म्हणाली.

दुकानात मास्तरांनी खिशातून काडेपेटी काढली आणि एक मेलेला भुंगा काउंटरवर ठेवला. दुकानदार जरा मागे सरकला.

"याच्या पायावरचे केस दिसले पाहिजेत," मास्तर म्हणाले.

पहिला कॅमेरा खिशात मावणारा होता, पण भुंग्याच्या इतका जवळ न्यावा लागे की त्याचीच सावली भुंग्यावर पडे. दुसऱ्याचं भिंग लांबूनही बारीकसारीक टिपत होतं, पण तो जड होता. मास्तरांनी उचलला तसा पडद्यावरचा भुंगा जिवंत झाल्यासारखा थरथरू लागला.

"काका, हात थोडा हलला तरी फोटो हलत नाही, अशी सोय आहे यात," दुकानदार हळूच म्हणाला.

"थोडा हलला तर ना," मास्तर म्हणाले.

बायको उगाच दुसऱ्या कपाटातले कॅमेऱ्याचे पट्टे बघू लागली. थोड्या वेळाने परत येऊन तिने विचारलं, "हाच स्टँडवर लावला, आणि लांबून दाबायचं बटण घेतलं, तर?"

तसंच केलं. स्वयंपाकघरात खिडकीपाशी टेबल लागलं. सुईने किड्याचे पाय मांडायचं काम मास्तरांना जमेना, तेव्हा तिने नाक मुरडत सुई हातात घेतली.

"डावा पाय पुढे. अजून. बास."

मग ते बटण दाबत. किडे प्रयोगशाळेतून येत, फोटो तिकडे जात; दोन वर्षांत चारशेच्या वर किडे झाले. दुसऱ्या वर्षी बटणही तिच्याकडे आलं. मास्तरांचं बोलणं अस्पष्ट झालं, तरी "बास" तिला कळायचं. फोटो पडद्यावर मोठा करून ते तासन्‌तास बघत. एकदा म्हणाले, "माझ्या चित्रांत हे केस चुकलेत गं." आणि तेवढ्यावरून दिवसभर जेवले नाहीत.

थंडी संपता संपता ते गेले.

महिन्याभराने प्रयोगशाळेतून निरोप आला. फोटोंची पुस्तिका काढायची होती, सात किडे राहिले होते. तिने टेबल लावलं, टोळ ठेवला, सुईने त्याचा पाय पुढे सरकवला, अजून थोडा सरकवला. कुठे थांबायचं ते तिला कळेना. सरकवता सरकवता पाय तुटला.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा, स्टँड आणि उरलेले किडे एका खोक्यात भरून तिने प्रयोगशाळेत पोचते केले.

"वहिनी, पुस्तिकेत तुमचंही नाव घालू का?" साहेबांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली, "मी फक्त पाय धरत होते." आणि जिना उतरताना तिने पहिल्यांदाच कठड्याचा आधार घेतला.