दोन दरबारांचे जुर्चेनराव

जुर्चेनराव कोणाकडे रिकाम्या हातानं जात नसत आणि रिकाम्या हातानं परतही येत नसत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या त्या विद्यापीठाच्या गावात तूरडाळ हवी असली तर पिट्सबर्गपर्यंत गाडी पिटाळावी लागे. अशा गावात हा माणूस डब्यात चार चकल्या घालून बाहेर पडे आणि संध्याकाळी कोणाच्या परसातले टोमॅटो, एखादा जुना टेबललॅम्प, गेला बाजार घरापर्यंतची राइड तरी मिळवून येई.

त्यांचं खरं नाव अर्थातच वेगळं होतं. मिलिंद आणि मी इंजिनिअरिंगचे. हे आमच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, साताऱ्याच्या कॉलेजातून रजा काढून इतिहासात पीएच.डी. करायला आलेले. तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. पहिल्याच दिवशी मिलिंदनं विचारलं, "तुमचा टॉपिक काय?" तर म्हणाले, "जुर्चेन." आम्हाला तो एखादा त्वचारोग वाटला. मग त्यांनी पोळ्या लाटता लाटता समजावून सांगितलं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी एका अंगाला मिंग बादशहांचा चीन, दुसऱ्या अंगाला कोरिया, आणि मध्ये जंगलात, नद्यांकाठी राहणारे हे जुर्चेन. घोडे, कातडी आणि जिनसेंगच्या औषधी मुळ्या घेऊन त्यांचे सरदार दोन्ही दरबारांत जायचे, नजराणा ठेवून वाकायचे आणि रेशीम, कापड, तांदूळ, शिवाय एखादा किताब पदरात पाडून घरी यायचे. एकाच सरदाराला दोन्हीकडचे किताब असत.

"म्हणजे गुडघे टेकले की, यार," मिलिंद म्हणाला.

"टेकले. मग उठून घरीही गेले," जुर्चेनराव म्हणाले. "पोळी करपतेय, बघ."

खंडणी हा शब्द त्यांना चालत नसे. आपल्या लग्नातला आहेर आठवा, असं ते म्हणत. आहेर करणारा काही गुलाम नसतो, आणि परतीचा आहेर हलका निघाला तर व्याह्यांची तोंडं कशी होतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. "चीनच्या बादशहाला मान हवा होता, यांना कापड. दोघंही खुशीत. मधल्यामध्ये इतिहासकार भांडतात."

हे इतिहासकार त्यांच्या बोकांडीच बसलेले होते. त्यांचे गाइड दोन. चीनचा इतिहास शिकवणारे एक उंच, अबोल गृहस्थ आणि कोरियाचा शिकवणाऱ्या एक ठेंगण्या, तडफदार बाई. दोघांच्या केबिनी समोरासमोर आणि बोलणं जवळजवळ बंद. जुर्चेनराव दोन्ही दारांत जायचे. दिवाळीत साहेबांना चिवडा द्यायचे आणि काखेत पुस्तकं मारून यायचे. बाईंना लिंबाचं लोणचं द्यायचे आणि बरणीभर किमची, म्हणजे कोबीचं उग्र कोरियन लोणचं, आणायचे. ती किमची आम्ही वरणभाताशी खाल्ली आहे. सुरुवातीला मिलिंद नाक धरायचा, नंतर बरणी पुसून खायला लागला.

वाकायची त्यांना लाज नव्हती. घरमालकिणीच्या पोर्चवरचा बर्फ न सांगता काढायचे, सेक्रेटरीला आदबीनं नमस्कार करायचे. आम्ही हसायचो. त्यांना पदवी घेऊन लवकर परत जायचं होतं, एवढंच. वहिनींची शाळेतली नोकरी आणि सासूचं आजारपण यामुळे त्या साताऱ्यातच राहिल्या होत्या. निघताना मुलगी पाळण्यात होती, आता ती शाळेत जायला लागली होती. फोनवर ती यांना "अहो" म्हणायची, कारण आई तसंच म्हणायची. हे सांगताना ते हसले, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

प्रबंध पुरा झाला आणि दोन्ही दरबारांतून हुकूम आले. शेवटच्या प्रकरणात जुर्चेन कोणाचे अंकित होते ते स्वच्छ लिहा. साहेबांना उत्तर हवं होतं चीनचे, बाईंना कोरियाचे.

मिलिंदनं लगेच तोड काढली. "दोघांना सांभाळून काहीतरी गोलमाल लिहा. सही घ्या, इंडियात जा, मग पुस्तकात हवं ते छापा. तुम्हीच तर शिकवलंत हे आम्हाला."

जुर्चेनराव बटाटे सोलत होते. "स्वतःसाठी वाकायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण हे त्यांच्या वतीनं वाकणं झालं. ती माणसं काही इथं येऊन सांगू शकत नाहीत, की बाबांनो, आम्ही कापडासाठी आलो होतो. या गावात त्यांचं माझ्याशिवाय आहे कोण?"

तोंडी परीक्षेला मी आणि मिलिंद मागच्या रांगेत बसलो होतो. प्रश्न आलाच. जुर्चेनरावांनी पाण्याचा घोट घेतला आणि अगदी नम्रपणे सांगितलं, "ते कोणाचेच नव्हते. ते दोन्हीकडे पाहुणे होते." वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या साहेबांचं आणि बाईंचं त्या दिवशी पटकन एकमत झालं. शेवटचं प्रकरण नव्यानं लिहा, पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष त्यांच्याकडे नव्हतं. कॉलेजची रजा संपली होती आणि नव्यानं लिहिलं असतं तरी ते पुन्हा तेच लिहिणार होते. त्यांनी बॅगा भरल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता. बसस्टॉपवर मी म्हणालोसुद्धा, "अहो, एक वाक्य तर लिहायचं होतं."

"हो ना," ते म्हणाले, "एकच होतं." आणि बसमध्ये चढले.

पुढे मी शिकागोजवळ नेपरव्हिलला घर केलं, संसारात बुडालो. जुर्चेनराव वारल्याचं उशिरा कळलं. पुढच्या भारतभेटीत साताऱ्याला जाऊन वहिनींना भेटलो. इतक्या वर्षांनी का होईना, मनातलं विचारलं: रिकामे परत आले तेव्हा तुम्हाला राग नाही आला?

"न यायला काय झालं? इतकी वर्षं एकटीनं काढलेली," वहिनी म्हणाल्या. "कितीतरी दिवस बोलले नाही मी. मग एकदा मी शेंगा सोलत बसले होते, म्हटलं, ज्यांच्यासाठी हे सगळं घालवलंत ती माणसं कोण ते तरी कळू दे. तर हे समोर बसले आणि पहिल्या प्रकरणापासून सुरू झाले. रोज संध्याकाळी थोडं थोडं. मी काय, शंका विचारायची. काही ठिकाणी हे अडलेसुद्धा."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"हे गेले तेव्हा त्यांच्या कॉलेजातले लोक येऊन गेले. फार हळहळले. सरांची पीएच.डी. तेवढी राहून गेली म्हणाले." वहिनींनी मान हलवली. "मी म्हटलं, राहिली नाही. माझ्यापुढे झाली. शेवटच्या प्रकरणासकट."