हळदीची रेघ

गाडीच्या दिव्यांचे बल्ब विकणारा हा माणूस स्वतः मात्र दिवेलागणीनंतर कधी घराबाहेर दिसला नाही. सांगलीच्या हळदपेठेजवळ आण्णांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. जैन घरातली रीत, जेवण सूर्य मावळायच्या आत. त्यामुळे पाचच्या पुढे आण्णांचं लक्ष गिऱ्हाइकापेक्षा उतरत्या उन्हाकडे जास्त असे. तेवढ्यात घरून काकूंचा फोन यायचा आणि आण्णा शटर ओढायचे. तुम्हाला अंधारातला रस्ता ठाऊक तरी आहे का, असं मी त्यांना चिडवायचो. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "रस्ता न्हाई, पन रस्त्यावरची मानसं ठाव हाईत."

मी जनावरांचा डॉक्टर. मोटरसायकलवरून वाड्यावस्त्या फिरण्यातच माझी निम्मी नोकरी गेली. पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा नवा बल्ब खोक्यातून काढून मी मोठ्या हौसेनं त्याची काच पुसू लागलो. आण्णांनी तो माझ्या हातातून असा काढून घेतला, जणू मी नुकतं जन्मलेलं वासरू उलटं धरलं होतं. काचेला बोट लागलं की बोटाचं तेल तिथं बसतं, बल्ब तापला की नेमका तेवढाच भाग जास्त तापतो, आणि महिन्याभरात बल्ब उडतो, असं त्यांनी समजावलं. त्यातून गिऱ्हाइकं हळदपेठेतली, सगळ्यांचे हात पिवळे. इथं बल्ब वापरून कमी आणि बोटं लावून जास्त जातात, अशी त्यांची तक्रार होती. ते स्वतः बल्ब बुडाशी धरायचे, तोही धुतलेल्या मलमलीच्या तुकड्यात.

बल्ब निवडायचा म्हणजे त्यांच्याकडे चक्क उलटतपासणीच असायची. कुठं जाता, किती वाजता परतता, आणि मुख्य म्हणजे समोरून कोण येतं? उसाचे ट्रॅक्टर की सायकली की पायी बायका? कुणी पांढराफेक एलईडी मागितला तर ते दिव्याचा डोम, म्हणजे बल्बामागची चकचकीत वाटी, उघडून बघत. डोम त्या बल्बासाठी बनलेला नसला की उजेड फुटतो आणि रस्ता सोडून झाडात जातो. मग ते गिऱ्हाइकाला गंभीरपणे विचारत, वटवाघळं मोजायची आहेत का. पिवळसर उजेडाची शिफारस करण्यामागे मात्र त्यांचं खास घरचं कारण होतं. त्याच्यावर किडे कमी येतात, म्हणजे कमी मरतात.

एवढं करूनही गाडी लगेच हाती मिळत नसे. मागे त्यांच्या वडिलांचं हळदीचं गोदाम रिकामं पडलं होतं. आण्णा गाडी आत घेत आणि शटर पाडून भर दुपारी काळोख करत. समोरच्या भिंतीवर ओल्या हळदीनं ओढलेली एक आडवी रेघ होती. दर दसऱ्याला ती नव्यानं ओढली जायची. डिप्परचा उजेड त्या रेघेच्या वर चढला की स्क्रू फिरवायचा, परत बघायचा, परत फिरवायचा. जुन्या हळदीच्या धुरळ्यानं गिऱ्हाईक शिंकून बेजार व्हायचं. कित्येक जण कंटाळून दुसरीकडे जायचे, पण आण्णांना त्याचं काही वाटत नसे. मला तो म्हाताऱ्याचा चाळा वाटायचा.

मग माझ्या कोयनानगरच्या बदलीची कुणकुण लागली. घाटरस्ता, धुकं, वळणं. मी आण्णांकडे शंभर वॅटचा बल्ब मागितला. त्यांनी सरळ नाही म्हटलं. धुक्यात जादा उजेड म्हणजे तोंडासमोर पांढरी चादर, असं सांगितलं. मी हटूनच बसलो, तेव्हा त्यांनी स्टूल ओढलं आणि पहिल्यांदाच ती गोष्ट सांगितली.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका तरण्या पोरानं असाच हट्ट धरला होता आणि आण्णांनी त्याला शंभर वॅटचा बल्ब बसवून दिला. तिसऱ्या दिवशी बातमी आली की नदीपलीकडच्या वाडीचा दूधवाला यशवंता संध्याकाळी समोरच्या उजेडानं डोळे दिपून मोपेडसकट चरात पडला. पाय मोडला. तो पोरगा रोज त्याच रस्त्यानं जायचा. आण्णांनी त्याला बोलावून बल्ब काढून घेतला, पण यशवंताला भेटायला जायचं धाडस त्यांना काही झालं नाही. तेव्हापासून ती रेघ. त्या रस्त्यानं एकच गाडी जाते का, असं मी म्हणून पाहिलं. आण्णा म्हणाले, "माज्या दिव्यानं त्याचं डोळं दिपलं न्हाईत, ह्ये मला कोन सांगनार डॉक्टर?"

पुढच्या आठवड्यात अडलेल्या म्हशीसाठी मला त्याच वाडीवरून बोलावणं आलं. रेडकू सुखरूप निघालं. चहा घेऊन मालक आला तो लंगडत. नाव विचारलं तर यशवंता. पायाचं काय झालं, कुणाच्या उजेडानं डोळे दिपले म्हणे, असं मी जमेल तेवढ्या सहजपणे विचारलं. त्यानं आधी बायको गोठ्याबाहेर गेल्याची खात्री करून घेतली.

"कुनाचा उजेड न् कसलं काय. म्होरनं कुत्रंबी येत न्हवतं. माजाच बल्ब गेला हुता, सायेब. चार दिस बायकू बदला म्हनून मागं लागली हुती. दातात बॅटरी धरून निगालो, शिंक आली, बॅटरी पडली, मी चरात. घरी काय तोंडानं सांगू? म्हनलं, डोळं दिपलं."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. आण्णांचं सगळं सांगून त्याला तसाच मागे बसवला आणि सांगली गाठली. त्यानं आण्णांसमोर उभं राहून, मान खाली घालून, सगळं परत सांगितलं.

आण्णांच्या हातात त्या वेळी एक नवा बल्ब होता. त्यांनी तो मलमलीतून काढला आणि उघड्या हातानं काच धरून कितीतरी वेळ तसाच फिरवत राहिले. मग आपली बोटं काचेवर आहेत हे त्यांचं त्यांनाच दिसलं, आणि ते हसू लागले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग यशवंताच्या हातावर थाप मारून त्यांनी एवढंच विचारलं, "आता तरी गाडीला दिवा हाय का रं?" यशवंतानं नुसतीच मान खाजवली. मग चहा झाला, म्हशीच्या गप्पा झाल्या, काकूंचे तीन फोन येऊन गेले, आणि बाहेर पाहिलं तर सूर्य केव्हाच बुडालेला. आण्णांचं जेवण चुकलं. त्या दिवशी ते उपाशी झोपले, आणि लय वर्षांनी इतकी गाढ झोप लागली, असं दुसऱ्या दिवशी मला कौतुकानं सांगत होते.

माझी बदली दसऱ्याच्या तोंडावर झाली. निरोप घ्यायला गेलो तर आण्णा गोदामात वाटीतली ओली हळद बोटानं भिंतीवर ओढत होते. मी म्हटलं, आण्णा, आता कशाला? तुमच्यावरचा बोल तर गेला.

त्यांनी रेघ शेवटापर्यंत नेली आणि मगच मागे वळून पाहिलं.

"बोल गेला डॉक्टर. म्होरनं येनाऱ्याचं डोळं कुठं गेल्यात?"