कडी लावून आंघोळ

आमच्या बाथरूमची कडी मुलाने स्क्रू-ड्रायव्हरने काढली आणि त्या दिवसापासून माझे यजमान माझ्याशी धड बोलेनासे झाले. कडी काढली मुलाने, राग माझ्यावर. वड्याचं तेल वांग्यावर काढायची ह्यांची सवय जुनीच आहे.

हे मूळचे चाकणजवळच्या एका गावचे. शेती भाऊ बघायचे आणि हे ओतकामाच्या कंपनीत, लोखंडी भागांवरची खरखर घासून काढायच्या खात्यात होते. आयुष्यभर ती धूळ, त्यावर विडी. निवृत्त झाले, आम्ही मोशीला फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायला आलो आणि खोकला सोबत आला. आत गेलेली हवा फुप्फुसातून पुरती बाहेरच पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही माना डोलावल्या.

त्याचा खरा अर्थ कळला तो बाथरूममध्ये. एका सकाळी आंघोळ करताना ह्यांना दम लागला. खाली बसले ते उठता येईना, आणि आतून कडी. मुलाने आणि शेजारच्यांनी खांदा लावून दार उघडलं तेव्हा हे फरशीवर, ओले, अंगावर काही नाही, तोंड उघडं टाकून हवा ओढत होते. शेजाऱ्यांनी टॉवेल टाकला, तोंड फिरवलं आणि पुढे त्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. चांगली माणसं आहेत. पण ते लिफ्टपाशी दिसले की हे अजून घरात मागे फिरतात.

मग कडी गेली आणि ह्यांना आंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. दार उघडं, हे प्लास्टिकच्या स्टुलावर, मी तांब्याने पाणी ओतते आहे. मला त्यात काही वाटत नव्हतं; पोरांना न्हाऊ घातलं, सासूबाईंनाही शेवटी शेवटी घातलं. पण हे सगळा वेळ डोळे घट्ट मिटून बसायचे. ते मला बघवत नसे. पुढे हे आंघोळच टाळायला लागले. आज थंडी आहे, आज अंग दुखतंय. जेवणही अर्ध्यावर आलं. धिप्पाड माणूस गादीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि मी घरभर उगाच येरझाऱ्या घालायची. पडदे सारखे कर, ओटा पूस, परत पूस.

अशात श्वासाचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागली. ताथवड्याहून स्कूटरवर यायची, तरुण मुलगी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काका, तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवंय?"

मला वाटलं, हे गावी जायचं म्हणतील, शेतावर जायचं म्हणतील.

"आंघोळ," हे म्हणाले. "कडी लावून."

ती हसली नाही. मला ती तिथेच आवडली. नंतर काही दिवस मुळीच आवडली नाही, ते सांगतेच.

तिने आधी श्वास सोडायला शिकवलं. नाकाने घ्यायचा आणि बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून सावकाश सोडायचा. ह्यांना सावकाश काही करणं माहीत नाही. जन्मभर कंपनीच्या बससाठी धावले. ती म्हणायची, "अजून लांब, काका, अजून." हे फुंकता फुंकता माझ्याकडे असे बघायचे, जणू ही शिक्षा मीच दिली आहे.

मग एक दिवस तिने ह्यांना हॉलमध्येच कोरडी आंघोळ करायला लावली. अंगात शर्ट-पायजमा, समोर रिकामी बादली, हातात रिकामा तांब्या, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. डोक्यावर पाणी घेताना आपण सगळेच श्वास कोंडून धरतो, ह्यांनी नेमका तेव्हाच सोडायचा, असं तिचं म्हणणं. तांब्या वर गेला की फुंकर. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि हसू दाबत होते. सवयीने हाक मारली, "अहो, बरं आहे ना?"

"बरं हाय," हे म्हणाले.

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा "हाय, हाय". तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती आत आली.

"काकू, तुम्ही रोज असंच विचारता?"

"मग? स्वयंपाकघराच्या दारातून डोकावत बसू?"

"तुम्ही विचारलं की ते फुंकर अर्धी सोडून बोलतात. बघा, यंत्रावरचा आकडा तिथेच उतरतो."

"म्हणजे ह्यांना दम मी लावते?"

तिने नाही म्हणायला हवं होतं. "थोडासा," ती म्हणाली.

मी कणकेचे हात घेऊन तशीच उभी राहिले. फार लागलं मला. त्या दिवशी मी तिला चहासुद्धा विचारला नाही. पण ह्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू दिसलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पुढे हे सुधारत गेले. आधी लोटलेल्या दारामागे, कोमट पाण्याने, स्टुलावर बसून, मध्ये मध्ये थांबत. मला बाहेर गप्प राहायची सक्त ताकीद. पाण्याचा आवाज ऐका, ती म्हणाली, तेवढा पुरे. पण नुसतं ऐकत बसणं माझ्या रक्तात नाही. मी लोटलेल्या दाराच्या फटीतून बघत राहायची. शेवटी मुलाने बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी कडी आणून बसवली.

कडी लावायचा दिवस गुरुवार निघाला, मुलाच्या कंपनीची सुट्टी. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते ती गेलीच. मी पाणी गॅसवर तापवून दिलं. हे आत गेले आणि कडी लागली. टीव्ही बंद, मिक्सर बंद, सगळी बिल्डिंग गप्प. मी मुठीत नाणं धरून दाराला लागून उभी राहिले.

पहिला तांब्या पडला. मग दुसरा. मध्ये लांब फुंकर ऐकू आली. मग थोडं पाणी, आणि मग काहीच नाही.

विश्रांती घेत असतील. थांबायला सांगितलंच आहे. मी मनात म्हटलं. मुलगा हॉलमधून हातानेच विचारू लागला, काय झालं? मी हातानेच त्याला गप्प केलं. तरी पाणी पडेना. फुंकरही ऐकू येईना. हाक अगदी ओठांवर आली होती. मी पदराचा बोळा तोंडात धरला. नाणं कडीच्या खाचेत घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मी एवढी भ्याले होते की मला देवाचं नावसुद्धा आठवेना.

मग तांब्या बादलीला लागला. पाणी पडलं, भराभर पडलं, आणि जरा वेळाने कडी निघाली.

मोठा पंचा गुंडाळून हे बाहेर आले, खाटेच्या काठावर बसले आणि ओठांचा चंबू करून फुंकत राहिले. मी मध्ये बोलले नाही. केसांतून पाणी निथळत होतं, तेही पुसलं नाही. श्वास बसल्यावर ह्यांनी वर बघितलं.

"हाक न्हाई मारलीस?"

"मारायची नाही म्हणून सांगितलंय ना तुमच्या मॅडमनी."

"व्हय, ते ठावं हाय." ह्यांनी पंचा सारखा केला. "पर मी पानी थांबवून वाट बघत बसलो हुतो."

मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदमच.

"मारत जा तू," हे म्हणाले. "मी ओ देनार न्हाई. पर मारत जा."