नऊ नंबरच्या गल्लीतला हॉर्न

आमच्या घरी लिंबू येतं ते पोह्यावर पिळायला, दाराला टांगायला नाही. बायको म्हणाली, 'त्या पिंपळाखाली थांबू नका', की मी मुद्दाम तिथेच गाडी उभी करून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो. असा माणूस हे लिहितोय म्हटल्यावर मलाच हसू येतं... पण फार वेळ टिकत नाही.

नागपूरला वर्धा रोडवरच्या एका गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवतो. साधी नाही — अरुंद गल्लीची. दोन्हीकडे उंच रॅक, मधे मशीन शिरली की बाजूला वीतभर जागा. मालासोबत चालवणाऱ्याची केबिनही वर जाते. माझ्या पोटासकट जाते, हा त्या मशीनचा मोठेपणा.

गल्लीत एका वेळी एकच मशीन. म्हणून आमची रीत अशी — तोंडाशी थांबून दोन छोटे हॉर्न द्यायचे. आत कोणी असेल तर तो एक लांब हॉर्न देतो. मग बाहेरच्याने थांबायचं.

मे महिना, दुपारचे अडीच. नऊ नंबरच्या गल्लीतून टाइल्स रचलेलं लाकडी पॅलेट काढायचं होतं. मी दोन हॉर्न दिले. आतून एक लांब हॉर्न आला. वाकून पाहिलं... गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी.

मी तसाच उभा. तेवढ्यात दुसऱ्या मशीनवरचा रामदास आला. पंधरा वर्षांचा सोबती.

"काहून उभा आहेस गा?"

"आतून हॉर्न आला."

तो डोकावला. "मशिनी दोनच. एकीवर तू, एकीवर मी. आत का तुहा सासरा हॉर्न वाजवून राहिला?"

बाजूला ट्रकमध्ये माल भरणारे चौघे खो-खो हसले. मीही म्हटलं, "सासऱ्याले हॉर्न कायले लागते? तो नुसता खोकलला तरी मी थांबतो."

"सरक भाऊ, मी काढतो."

मी मशीन मागे घेतली. रामदासने रीतीप्रमाणे दोन हॉर्न दिले. आणि आतून पुन्हा तोच — एक लांब. अगदी स्पष्ट. मी त्याच्याकडे पाहिलं. तो सरळ समोर बघत होता. ते चौघे आपल्याच हसण्यात. 'थांब' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. पण पुन्हा सगळे हसतील... गिळला.

तो आत गेला. केबिन वर चढली. रॅकचा एक खांब मागून वाकलेला होता, हे नंतर कळलं. आधी करकर झाली, मग वरची पॅलेटं एकामागून एक खाली.

रामदासला बाहेर काढायला दोन तास लागले. दोन्ही पाय गुडघ्याखालून कापावे लागले.

आठव्या दिवशी दवाखान्यात गेलो. त्याची बायको डबा धुवायला बाहेर गेली, तसं त्याने हळूच विचारलं, "मी हॉर्न दिले तवा... तुले आतून काही आयकू आलं होतं?"

"नाही गा," मी म्हटलं.

तो छताकडे बघत राहिला. "मले आलं होतं. पण मीच तुही एवढी मजा उडवली, आता मागं कसं फिरू... म्हणून गेलो."

मी त्याच्या उशाजवळची पाण्याची बाटली उगाच इकडची तिकडे करत बसलो.

आवाज भिंतीवरून परत आला म्हणावा, तर दोन छोट्यांचा एक लांब कसा होईल? भास म्हणावा, तर दोघांना एकच कसा झाला? हॉर्न कोणी दिला, मला आजही माहीत नाही. आणि तो मलाही ऐकू आला होता, हे रामदासला मी अजून सांगितलेलं नाही... तुम्हाला आधी सांगतोय.